भोवलं!

मी देवळात पहिला प्रश्न विचारला तेव्हा अकरा वर्षांचा होतो. साल १९७४, पाडवा नुकताच झालेला. मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीच्या अंगाला आमची वाडी. पावसाळ्यात दारातून पाणी घरात शिरतं आणि चैत्र लागला की बायका हंडे-कळशा घेऊन डोंगर उतरतात. त्या वर्षी गावकीने नवी विहीर खणायचं ठरवलं. जागा दोन होत्या. कुठली घ्यायची ते देवाला विचारायचं होतं.

कौल लावताना ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुरव देवाला आंघोळ घालतो. काळ्या पाषाणाची मूर्ती ओली असतानाच तिच्या अंगावर डावी-उजवीकडे फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो, की लेकरं तुझ्या पायाशी आली आहेत, त्यांना वाट दाखव. मानकरी, गावकर हात जोडून बसतात. उजवी पाकळी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. कधी पाच मिनिटांत निकाल लागतो, कधी तासभर पाकळी हलत नाही. मग कुणाची काय चूक झाली ते आठवायला सुरुवात होते.

मी अगदी पुढे बसलो होतो. समई देवाच्या उजव्या अंगाला होती आणि त्या बाजूचा दगड लवकर सुकत होता. ओला दगड काळाभोर, सुकलेला राखी. दोन्हींमधली रेघ हळूहळू पाकळीकडे सरकत होती. रेघ पाकळीला टेकली आणि पाकळी सुटली. "उजवी!" सगळा गाभारा एकदम बोलला. मी म्हटलं, "गुरवकाका, ती वाळली म्हणून पडली ना?"

थप्पड चुलत्याची होती. गुरवकाका काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं थप्पडीपेक्षा जास्त लागलं.

मे महिन्यात बाबा रायवळ आंब्यावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. दोन महिने झोपून होते आणि पुढे जन्मभर लंगडत चालले. ते पडले त्याच संध्याकाळी आईने मला पडवीत उभं केलं आणि म्हणाली, "तुजं त्वांड भोवलं बाबाला." दुसऱ्या दिवशी मला देवळात नेऊन उंबऱ्यावर नाक घासायला लावलं. एक नारळ आणि एक कोंबडा दिला. मी अकरा वर्षांचा, आणि माझ्या मते मी बापाचा पाय मोडला होता.

दोन क्रियापदांचा हिशेब

पुढे मी मास्तर झालो, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. पण 'भोवणं' हा शब्द अजून माझ्या मानेवर बसलेला आहे. देवाशी होणाऱ्या व्यवहाराला आपल्याकडे दोन क्रियापदं पुरतात: देव पावतो किंवा भोवतो. परीक्षेत पास झाला, पावला. गाय मेली, भोवला. गंमत अशी की या दोन रकान्यांबाहेरही जग चालू असतं, पण ते कुणी लिहून ठेवत नाही.

ती विहीरच घ्या. देवाने उजवा कौल दिलेल्या जागी ती खणली. पहिल्या वर्षापासून शिमग्याला तळ दिसायला लागला. आजही दिसतो. पण कौल चुकला असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. "पाणी आपल्या नशिबात नाय," असं म्हणून विषय संपला. माझा प्रश्न आणि बाबांचं पडणं यांत महिन्याभराचं अंतर होतं, तरी त्यांची गाठ पक्की बसली. कौल आणि कोरडी विहीर यांत एका हाताचंही अंतर नव्हतं, तरी त्यांची गाठ कुणी मारली नाही.

हा खेळ जुना आहे. ग्रीसमधल्या मिलोस बेटावर इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात डायगोरस नावाचा एक नास्तिक होऊन गेला. त्याची गोष्ट पुढे रोमन लेखक सिसेरोने सांगितली आहे. एका मित्राने त्याला देवळात नेलं आणि तिथे टांगलेल्या तसबिरी दाखवल्या. वादळात नवस बोलून वाचलेल्या खलाशांनी त्या वाहिल्या होत्या. मित्र म्हणाला, बघ, देव किती जणांना पावला. डायगोरसने विचारलं, जे बुडाले त्यांच्या तसबिरी कुठे आहेत? बाणकोटच्या धक्क्यावर उभं राहून ही गोष्ट आठवली की समजवावी लागत नाही. परत आलेला माणूस नारळ फोडतो. न आलेल्याच्या वाटणीचा नारळ फोडणार कोण?

भीती कुठे दाट होते, याचंही एक निरीक्षण आहे. ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला. त्याला दिसलं, की खाजणाच्या शांत पाण्यात मासेमारी करणारे लोक मंत्रतंत्राच्या फंदात पडत नाहीत. तिथे धोका नाही आणि मासळीची खात्री आहे. तेच लोक भर समुद्रात जाताना मात्र विधींची रांग लावतात. आमच्याकडे वेगळं काय आहे? खाडीत पाग टाकायला निघालेला माणूस देवाचं नाव घेतो न घेतो. नारळी पौर्णिमेला, दर्यात होडी लोटायच्या आधी, तो सागराला नारळ दिल्याशिवाय राहत नाही. जिथे आपला हात पोहोचत नाही तिथे देवाचा हात दिसायला लागतो. यात मूर्खपणा नाही, असहायता आहे. म्हणूनच कुणाच्या नवसाला हसणं मला कधी जमलं नाही.

सावित्रीच्या दोन्ही काठांवर

पण प्रश्न विचारणाऱ्याला शिक्षा होते, हे मात्र तपासून बघण्यासारखं आहे. त्यासाठी लांब जायला नको. महाबळेश्वराला उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाडवरून येऊन आमच्या बाणकोटला समुद्राला मिळते. याच नदीकाठच्या महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. शास्त्र सांगत होतं की हे पाप आहे. पाप केल्यावर आभाळ कोसळायला हवं होतं, तळं आटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. थोड्या वेळाने गावात आवई उठली, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मग लाठ्याकाठ्या घेऊन जमाव आला आणि मंडपात जेवायला बसलेल्या माणसांना त्याने झोडपून काढलं. पुढे १०८ घागरी पाणी उपसून, दूध, दही, शेण आणि गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. तळ्यावरच्या हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून यायला १९३७ साल उजाडलं. त्या दिवसाची शिक्षा कुणी केली, ते ज्यांच्या पाठीवर वळ उठले त्यांना नेमकं ठाऊक होतं.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आमच्याच मंडणगड तालुक्यातलं. त्यावरून घराण्याचं आडनाव आंबडवेकर. आमच्या भागातल्या बौद्धवाड्यांवर १९५६ नंतरच्या दिवसांच्या आठवणी मी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकल्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. जुने देव मानणार नाही, अशा त्यातल्या काही होत्या. मग घरोघरच्या देव्हाऱ्यांचं काय करायचं? टाक, मूर्ती, तसबिरी टोपलीत घालून खाडीला न्यायच्या होत्या. एका आजीने मला सांगितलं होतं, "टोपली डोईवर घेतली तवा पाय लटलटत व्हते. पान्यात सोडली आन रातभर जागी व्हते, काय व्हतंय बगत."

आणि मग बघा काय झालं. दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ते वर्षानुवर्षं मधुमेहाने जर्जर झाले होते. पण 'भोवलं' म्हणायला गावाला एवढ्या कारणाचीही गरज पडत नाही. आमच्या वाडीचा हिशेब लावला असता तर हे लोक दुसऱ्याच दिवशी टोपल्या शोधायला खाडीत उतरायला हवे होते. दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला, दादरच्या समुद्रकाठी अंत्यविधीच्या वेळी जमलेल्या प्रचंड जनसमुदायाने तिथेच दीक्षा घेतली. ज्या घटनेने माणूस घाबरून मागे फिरायचा, तिच्यासमोर उभं राहून लोक पुढे गेले. त्या आजीला मी विचारलं होतं, भीती कधी गेली? ती म्हणाली, "सकाळ झाली तवा. कोंबडा आरवला, चूल पेटली. रोजच्यासारकंच व्हतं."

हिशेब ठेवायचाच तर सगळ्यांचा ठेवा. बुद्धीला पटेल तेवढंच मानणारे गोपाळ गणेश आगरकर दम्याने थकून १८९५ साली गेले, चाळिशीही गाठली नाही. पुण्यातल्या लोकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली होती. ते लवकर गेले ते भोवल्यामुळे, असं म्हणायला जागा आहे. मग शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे? त्यांनी १८९३ साली विधवेशी पुनर्विवाह केला, गावाने त्यांना वाळीत टाकलं, सख्ख्या आईच्या घरी जायची चोरी झाली. हे गृहस्थ १०४ वर्षं जगले, शंभराव्या वर्षी भारतरत्न झाले आणि १९६२ साली निवांत गेले. देवाचा कोप असा असेल तर तो आपल्यालाही लाभो, असं मी वर्गात म्हणायचो, आणि मुलं हसायची.

आगरकरांची तिरडी, कर्व्यांची वाळी, महाडच्या लाठ्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. यातली एकही शिक्षा आभाळातून आलेली नाही, प्रत्येकीला हात-पाय होते. ज्या कायद्यासाठी दाभोलकर कित्येक वर्षं झटत होते, त्याचा वटहुकूम त्याच आठवड्यात निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याने कुणाच्या पूजेवर, वारीवर, नवसावर बंदी आणलेली नाही. भूत उतरवायला मारहाण, चमत्काराच्या नावाखाली फसवणूक, कुणाला करणी करणारी ठरवून छळणं, असल्या गोष्टी त्याने गुन्हा ठरवल्या. वाळीत टाकणाऱ्यांसाठी सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ साली लागू झाला; तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. गावकीच्या बैठकीत बोलायचं धैर्य झालं, तर त्याचं थोडं श्रेय या कायद्यालाही जातं.

'उगाच कशाला'

हे सगळं लिहिणारा मी शूर आहे असं समजू नका. २१ सप्टेंबर १९९५ चा दिवस आठवतो ना? गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या. आमच्या शाळेजवळच्या देवळातही लागली. मी विज्ञान शिकवत होतो. भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं, हे मला पाठ होतं. मूर्तीखाली पांढरा ओघळ मला दिसतही होता. पण घरी धाकटी मुलगी तापाने फणफणली होती. माझ्या हातात कुणीतरी चमचा दिला आणि मी तो मुकाट्याने सोंडेला लावला. मनात दोनच शब्द होते: उगाच कशाला.

देवाच्या भीतीचं खरं घर या दोन शब्दांत आहे. माणूस मानतो म्हणून घाबरत नाही. न मानणाराही घाबरतो, कारण पणाला लागलेलं असतं ते आपलं माणूस. मूल, आई, नवऱ्याची नोकरी. प्रश्न मी विचारायचा आणि शिक्षा दुसऱ्याला व्हायची, अशी ही रचना आहे. म्हणून ती इतकी घट्ट बसते.

एकदा मी पाचवीच्या वर्गात कौलाचा प्रयोग केला. मुलांना पाट्या ओल्या करायला लावल्या, प्रत्येकीवर जास्वंदीच्या दोन पाकळ्या, डावी-उजवी. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. जवळजवळ निम्म्यांच्या उजव्या पडल्या, निम्म्यांच्या डाव्या. खिडकीकडच्या रांगेत ऊन येत होतं, तिथे उन्हाच्या बाजूची पाकळी आधी सुटली. मी खुशीत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "पण गुर्जी, पाटीत देव कुठं व्हता?" मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर आजही सुचत नाही. पाटी पाटीबद्दल सांगते. तिने प्रश्न विचारला आणि तिच्या घरी कुणी आजारी पडलं नाही, एवढंच मला तिला दाखवता आलं.

भीतीची बाजू

भीतीची बाजू घेणारेही भेटतात, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. ते देवराईकडे बोट दाखवतात. राखणदार कोपेल म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुणी तिथली वाळकी काटकी उचलली नाही, म्हणून ऐन, किंजळ, हिरड्याची ती झाडं आणि हत्तीच्या सोंडेएवढे गारंबीचे वेल टिकले. मला हे मान्य आहे. पण स्लॅबचं देऊळ बांधायला पैसे हवेत म्हणून देवराईतली झाडं विकायला काढलेलीही मी पाहिली आहेत. तेव्हा रीतसर कौल लावला होता. पाकळी उजवी पडली. भीतीने राखलेली वस्तू भीतीचा अर्थ लावणाऱ्याच्या हातात असते.

दुसरं उदाहरण आमच्याच तालुक्यातल्या वेळासचं, नाना फडणवीसांच्या गावचं. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. कासव म्हणजे विष्णूचा अवतार, देवळात नंदीच्या पुढ्यात दगडी कासव असतंच. तरीही खऱ्या कासवाची अंडी माणसं उकरून नेत होती, कुणाला भोवत नव्हती. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं आली. त्यांनी गावातल्याच तरुणांना हाताशी धरलं, अंडी कुंपणात हलवली, पिल्लं कशी आणि किती दिवसांनी बाहेर पडतात ते दाखवलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे यायला लागले, घराघरांत चार पैसे आले. आता अंड्यांवर गावच पहारा करतं. शाप कुणी दिला नाही, माहिती दिली.

बाबांचं बोलणं

बाबा जाण्याआधीच्या वर्षी, एका दुपारी पडवीत बसून ते सुपारी कातरत होते. मी सहज म्हटलं, "बाबा, मी तेव्हा देवळात तसं बोलायला नको होतं." त्यांनी अडकित्ता थांबवला.

"ती फांदी पोकळ व्हती," ते म्हणाले. "वाळवी लागलेली. मला खालनंच दिसत व्हतं. पन व्यापारी दारात उभा, पाट्या भरायच्या व्हत्या."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तं माजी चूक झाली असती ना."

एवढं बोलून ते पुन्हा सुपारी कातरायला लागले. चोवीस वर्षं मी त्यांचा पाय माझ्या खांद्यावर वाहत होतो. मला राग यायला हवा होता; आला नाही. त्या दिवशी एक गोष्ट मात्र समजली. देवाच्या कोपावर टाकलं की सगळे सुटतात. पोकळ फांदीवर चढणारा सुटतो, घाई करणारा व्यापारी सुटतो, विहिरीची जागा चुकवणारी गावकी सुटते. अडकतो तो फक्त प्रश्न विचारणारा.

आई नंतर पुष्कळ जगली. हे बोलणं मी तिला कधी सांगितलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगड पार उघडंबोडकं करून गेलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. माडाच्या बागा झोपल्या, पन्नास-साठ वर्षांची आंब्याची कलमं मुळांसकट उलटली, आठवडे उलटले तरी वीज नव्हती. टाळेबंदीमुळे देवळं बंद होती, तेव्हा कोप कशामुळे झाला याचं उत्तर तयारच होतं. संध्याकाळी वारा पडल्यावर आईने काठी घेतली आणि आम्ही बाहेर आलो. देवळाची सगळी कौलं उडाली होती. गुरवाच्या घरावर फणस पडला होता. देवाला उघड्या आभाळाखाली पाऊस लागत होता.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मानसांचं जाऊ दे. देवाचा काय गुना व्हता?"

मी तिच्याकडे बघितलं. पंच्याऐंशी वर्षांत तिने विचारलेला तो पहिला प्रश्न असावा, आणि तो विचारून ती कुठेही बघत नव्हती, ना आभाळाकडे, ना माझ्या पायाकडे. तिला थंडी वाजत होती.

"ताडपत्री हाय ना घरात?" ती म्हणाली. "जा, घालून ये. भिजतोय तो."

मी गेलो. गाभाऱ्यात गुडघाभर पाला साचला होता. दोन खांबांना दोरी बांधून ताडपत्री ओढली, चारी टोकांना दगड ठेवले. मूर्ती चिंब झाली होती आणि तिच्या उजव्या खांद्यावर वाऱ्याने आणलेलं आंब्याचं एक पान चिकटलं होतं. वाळलं की पडणार होतं.